बहात्तरचा दुष्काळ घरच्या माणसांकडून नोंदवताना : विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यातल्या नववी ते पदवीपर्यंतच्या मुलामुलींसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मोबाईलवर कशा नोंदवायच्या, हा विषय. इतर भागांतल्या मुलांनी दुष्काळाच्या जागी आपापला विषय घालावा. बाकीचं बहुतेक तसंच लागू पडेल.

दुष्काळच का? आमच्या गावात सांगण्यासारखं दुसरंही बरंच आहे.

मग ते घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि पुढं कितीतरी कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन गावी आली, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली. गोव्यातल्या मुलांना १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, अलीकडचे-पलीकडचे दिवस आहेत.

बहात्तरचं बरं असं की त्यासाठी खास माणूस हुडकावा लागत नाही. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. आपल्या भागात तर ज्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे, त्या घरात बहुधा कुणीतरी खडी फोडली आहे किंवा माती वाहिली आहे. तुम्ही ज्या रस्त्यानं कॉलेजला येता तो रस्ता, गावाच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव, ओढ्यावरचा बांध यांतलं काहीतरी त्याच वर्षांतलं निघण्याची शक्यता मोठी. म्हणजे मुलाखत झाली की ज्यांनी काम केलं त्यांच्यासोबत कामाच्या जागेवर जाऊन उभंही राहता येतं. ही सोय फार थोड्या विषयांत असते.

पुस्तकात या दुष्काळाबद्दल लिहिलेलं आहेच. मग पुन्हा विचारायचं कशाला?

पुस्तकात काय सापडतं ते बघा. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढं २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा आला, त्यामागं महाराष्ट्राचा हा अनुभव होता. हे सगळं खरं आहे आणि मुलाखतीला जाण्याआधी तुम्हाला माहीत असायलाच हवं.

पण आटपाडीकडच्या एखाद्या बाईनं तान्हं पोर कामावर नेलं तर झोळी कशाला बांधली? पगार हातात कुणाच्या पडायचा, तिच्या की नवऱ्याच्या? खडीचा ढीग मापात कमी भरला म्हणून मुकादमानं मोडला तर दाद कुणाकडं मागायची? हे कागदावर कुणी लिहिलं नाही, कारण ज्यांच्यावर गुदरलं त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांनी विचारलं नाही. तुमचं काम इथून सुरू होतं.

शाळेत इतिहासाची साधनं भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन शिकवतात. मौखिक म्हटलं की मुलं ओव्या, पोवाडे, लोकगीतं लिहून दोन गुण मिळवतात आणि विषय संपतो. प्रत्यक्षात आपल्याकडं या कामाची मोठी परंपरा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बायकांनी जात्यावर बसून नवरा, सासर, भाऊ, जात, देव यांबद्दल काय म्हटलं ते त्यामुळं आज वाचता-ऐकता येतं.

कुणाची मुलाखत घ्यायची? सरपंचांनी चार नावं सुचवली आहेत.

ती चार माणसं बोलायला सराईत असतील, त्यांची घ्या, पण यादी तिथं संपवू नका. गावात कुणी पाहुणा आला की ज्यांच्याकडं पाठवतात, त्यांची गोष्ट घासून गुळगुळीत झालेली असते. जी माणसं म्हणतात, "मला काय इचारता, मला काय कळतंय," त्यांच्या दारात दुसऱ्यांदा जा.

निम्म्या मुलाखती बायकांच्या हव्यात, हा नियमच समजा. कामावर बाया मोठ्या संख्येनं होत्या. शिवाय रात्री चूल त्यांनाच पेटवायची असायची, त्यामुळं घरात किती दाणे शिल्लक होते याचा हिशोब पुरुषांपेक्षा त्यांना पक्का ठाऊक असतो. यांखेरीज मेंढरं घेऊन लांब गेलेले धनगर, कामावरचे मुकादम किंवा हजेरी लिहिणारे कारकून, तेव्हाचे शिक्षक, दुकानदार, ज्यांची विहीर आटली नाही असे बागायतदार आणि बैल विकून मुंबईची गाडी धरलेली माणसं असे वेगवेगळे लोक घ्या. एकाच वाड्यातली पाच माणसं घेतलीत तर एकच गोष्ट पाच वेळा मिळेल.

आमचे आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. चालतील?

चालतील. फक्त त्यांना आठ वर्षांच्या मुलाचे प्रश्न विचारा: शाळा चालू होती का, कामावर मिळणारी सुकडी कशी लागायची, कोण कोण मित्र गाव सोडून गेले. सरकारनं काय धोरण ठेवलं हे त्यांनी सांगितलंच, तर ते मोठेपणी ऐकलेलं असणार. ते खोटं असतं असं नाही, पण ते आठवणीत मोडत नाही. नोंद करताना 'स्वतः पाहिलेलं' आणि 'ऐकलेलं' वेगळं ठेवा.

परवानगी कशी घ्यायची? फॉर्मवर सही लागते का?

परवानगी लागतेच, सहीचं मात्र बघून ठरवा. अंगठा किंवा सही मागितली की आपल्याकडची म्हातारी माणसं सावध होतात आणि ते योग्यच आहे. कोऱ्या कागदावर अंगठे उठवून जमिनी गेल्याच्या कथा त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या असतात. तुम्ही छापील फॉर्म पुढं केलात की मुलाखतीआधीच वातावरण बिघडतं.

त्यापेक्षा परवानगी आवाजातच नोंदवा. रेकॉर्डिंग सुरू करून आपल्या भाषेत सांगा: "आजी, मी हे मोबाईलमध्ये भरून घेतोय. आमच्या कॉलेजात ठेवणार, पोरं ऐकतील. जे नको वाटेल ते सांगू नका. नंतर पुसायला सांगितलंत तर पुसू. चालेल का?" त्यांचं "चालंल की" हे उत्तर त्या फाइलमध्येच राहतं. नाव जाहीर करायचं का आणि आवाज इंटरनेटवर टाकायचा का, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. कॉलेजात ठेवायला हो म्हणणारा माणूस इंटरनेटला नाही म्हणू शकतो. ज्यांना वाचता येतं त्यांना साध्या मराठीतलं एक पान द्या, घरी ठेवायला.

तुम्ही स्वतः अठराच्या आतले असाल तर कुठं आणि कुणाकडं जाताय ते घरी आणि शिक्षकांना माहीत हवं. एकट्यानं जाऊ नका, दोघं जा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं यंत्राकडं बघायचं.

प्रश्नांची यादी मिळेल का?

यादी दिली की मुलं ती वाचून दाखवतात आणि समोरचा माणूस जनगणनेला उत्तरं द्यावीत तशी उत्तरं देतो. म्हणून यादी देत नाही. तरी सुरुवात कुठून करावी ते सांगतो.

"दुष्काळ कसा होता?" या प्रश्नाचं उत्तर "लई वाईट" एवढंच येतं. त्यात आजीचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. एक दिवस धरा. कामावर जायला घरातून कधी निघायचं, उजाडायच्या आधी की नंतर? चालत किती लांब? सोबत भाकरी काय घेऊन? घमेलं, पाटी, हातोडा स्वतःचा की सरकारी? हजेरी कोण घ्यायचं, मस्टरवर नाव कुणाचं लागायचं? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेवढी खडी फोडायला घरातली किती माणसं आणि किती दिवस लागायचे? दुपारी सावली कुठली? पगार कोणत्या वारी? त्यातून पहिलं काय आणायचं?

असं दिवसाच्या क्रमानं गेलं की माणूस मनानं तिथं पोचतो आणि मग तुम्ही न विचारलेलं येऊ लागतं. ते आलं की आपली यादी विसरा.

मिलोबद्दल जरूर विचारा. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची आणि जवळजवळ प्रत्येकाला तिच्याबद्दल मत आहे. "मिलो कसा होता" असं मात्र विचारू नका. भाकरी कशी करायची ते विचारा: पीठ गरम पाण्यात भिजवायचं का, थापताना चिकटून यायची का, तव्यावर मोडायची का, पोरं खायची की रडायची. चुलीपुढं बसलेल्या बाईला विचारलंत तर ती हातानं करूनच दाखवेल.

सगळे एकच वाक्य सांगतात : "तेव्हा पाणी होतं पण धान्य नव्हतं, आता धान्य आहे पण पाणी नाही." याचं काय करायचं?

लिहून घ्या आणि पुढं जा. हे वाक्य २०१२-१३ च्या दुष्काळात वर्तमानपत्रं, टीव्ही, भाषणं सगळीकडं फिरलं. त्यात तथ्यही आहे. पण ते आता सगळ्यांचं झालं आहे, समोर बसलेल्या माणसाचं त्यात काही उरलेलं नाही. "पाणी होतं" म्हणजे कुणाच्या विहिरीला? ती विहीर कुणाकुणाला खुली होती? रहाट होता की पोहऱ्यानं शेंदायचं? हे विचारलं की कधीकधी वाक्यच बदलतं: "तसं पाणी बी नव्हतंच म्हणा आमच्या आळीला."

या सगळ्या कामातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं कसब हेच आहे. प्रत्येकाकडं एक तयार गोष्ट असते, ती आधी येते. तिचा मान ठेवायचा, पूर्ण ऐकायची, मध्ये तोडायची नाही. ती संपल्यावर जो प्रश्न विचाराल, त्याच्यावर तुमची मुलाखत चांगली की साधारण हे ठरतं.

एक आजोबा म्हणाले, "आमच्या घरात काही कमी नव्हतं." पण शेजारी वेगळंच सांगतात.

उपाशी राहिलो हे कबूल करणं सोपं नसतं. पाटलाच्या घरातल्या माणसाला खडी फोडायला जावं लागलं असेल तर पन्नास वर्षांनीही ते तोंडातून निघत नाही. अशा वेळी उलटतपासणी करू नका. "तुम्ही काय खाल्लं" याऐवजी "गावात लोक काय खायचे तेव्हा" असं विचारा. तरवट्याची भाजी, कण्या, एका वेळची भाकरी हे सगळं आधी 'लोकांच्या' नावानं येतं आणि बऱ्याचदा दहा मिनिटांनी 'आम्ही' होतं. नाही झालं तरी हरकत नाही. शेजाऱ्यांनी सांगितलेलं त्यांना सांगायचं नाही, हे मात्र पक्कं. लहान गाव आहे.

आजी बोलायला लागल्या की त्यांचा मुलगा मध्येच बोलतो. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. "तिला काय आठवतंय आता, मी सांगतो ना," असं म्हणून काका खुर्ची पुढं ओढतात आणि १९७२ मध्ये न जन्मलेले काका तुम्हाला १९७२ सांगू लागतात.

इथं दोघं जाण्याचा फायदा होतो. एकानं काकांना म्हणायचं, "काका, तो तलाव कुठला म्हणालात, जरा दाखवता का?" आणि त्यांना घेऊन बाहेर पडायचं. दुसऱ्यानं आजींपाशी बसायचं. काका खरोखर खूप काही दाखवतातही, तेही टिपून घ्या. हे जमण्यासारखं नसेल तर दुपारी, काका रानात असताना पुन्हा जा. सून घरात असेल तर तिला थांबवू नका. बऱ्याचदा ती सासूला असं काही विचारते जे तुम्हाला सुचलंच नसतं.

पारावर बसलेल्या घोळक्याची मुलाखत म्हणजे निव्वळ गोंधळ. तिथं फक्त कोण काय सांगू शकेल याचा अंदाज घ्या आणि नंतर एकेकाला घरी गाठा.

त्यांना साल आठवत नाही.

आठवायची गरज नाही. लग्नाआधी की नंतर, थोरला पोरगा पोटात होता की रांगत होता, कोयनेच्या भूकंपानंतर किती वर्षांनी, आणीबाणीच्या आधी की नंतर अशा खुणांनी काळ लावता येतो. एक सावधगिरी ठेवा. आपल्या भागानं दुष्काळ एकदाच पाहिलेला नाही. बहात्तरची म्हणून सांगितलेली छावणीची किंवा टँकरची गोष्ट २०१२-१३ किंवा २०१८-१९ ची असू शकते. "तेव्हा घरात कोण कोण होतं?" हा एक प्रश्न बहुतेक वेळा गुंता सोडवतो.

माणूस चुकीची माहिती सांगत असेल तर दुरुस्त करायची का?

तोंडावर नाही.

याचं एक छान उदाहरण आहे. आपल्याकडं अनेक जण ठामपणे सांगतात की काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, बहात्तरला मिलोबरोबर आलं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे गवत पुण्यात १९५५-५६ च्या सुमारालाच नोंदवलेलं आहे, म्हणजे दुष्काळाच्या सोळा-सतरा वर्षं आधी. परदेशी धान्याबरोबर ते आलं असं मानतात खरं, पण ते धान्य आधीचं. मग सांगणारे खोटं बोलतात का? नाही. माणदेशातल्या रानात हे गवत त्यांना कधी दिसू लागलं, हा एक मुद्दा. आणि पोटासाठी लाल धान्य घ्यावं लागलं, त्याच सुमाराला रान नासवणारं, अंगाला खाज आणणारं गवत पसरलं, या दोन गोष्टी लोकांनी मनात का जोडल्या, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही, ते फक्त तुमच्या मुलाखतीत मिळेल.

म्हणून सांगितलेलं जसंच्या तसं ठेवा आणि खाली टीप द्या की लेखी नोंद अशी आहे. दोन्ही राहू द्या.

पडताळणी करायची तर कागद कुठं मिळतील?

शाळेचा जनरल रजिस्टर पहिला बघा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन १९७२ ते १९७४ ची पानं काढा आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण हे रकाने वाचा. त्या दोन वर्षांत किती मुलं गळाली ते आधीच्या वर्षांशी ताडून बघा. हा कागद प्रत्येक जुन्या शाळेत असतो आणि तो कुणी उघडत नाही. मुलांची नावं मात्र अहवालात छापू नका, आकडे पुरेत. याशिवाय ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर, तलाठ्याकडचे जमीन विक्रीचे फेरफार, जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयातले वर्तमानपत्रांचे जुने अंक आहेत. तलाव किंवा रस्त्याच्या कोनशिलेचा फोटो घ्या, असली तर.

जातीबद्दल विचारायचं का? सर म्हणतात वाद नको.

सरांची काळजी समजते. पण दुष्काळात पाणी कुणाला, कुठून आणि कधी मिळालं हे जात वगळून सांगताच येत नाही. कामावर पाणी पाजायला कोण असायचं, सगळे एकाच माठातून प्यायचे का, टोळ्या कशा पाडायचे, गावकीची कामं ज्यांच्याकडं होती त्यांना बलुतं त्या वर्षी मिळालं का असे साधे, कामाचे प्रश्न विचारा. "तुमच्यावर अन्याय झाला का" असा मोठा प्रश्न टाकू नका. त्यानं समोरचा एकतर गप्प होतो किंवा भाषण देतो.

मुलाखत घेणारी जोडीही ठरवून पाठवा. जिच्या घरच्या विहिरीचा विषय निघणार, त्याच घरातली मुलगी समोर बसली असेल तर कोण काय बोलणार? दुसऱ्या गावची किंवा दुसऱ्या वस्तीतली मुलं पाठवलेली बरी. आणि असं काही नाव घेऊन सांगितलं गेलं, तर ते सार्वजनिक प्रतीत घालण्याआधी सांगणाऱ्याला पुन्हा विचारा. गावात राहायचं त्यांना आहे.

बोलता बोलता त्यांना रडू आलं तर?

थांबा. रेकॉर्डिंग बंद करू का, असं हळूच विचारा. अनेक जण "असू दे" म्हणतात. मग काही न बोलता बसा, पाणी द्या, लगेच पुढचा प्रश्न काढू नका. दावणीची बैलजोडी बाजारात सोडून आलो हे सांगताना ताठ माणूसही मोडतो. खिलार पोसणाऱ्या आपल्या भागात तर हे होणारच, त्याची तयारी ठेवून जा. मूल गेल्याचं कुणी सांगितलं तर तो विषय त्यांनी जितका उघडला तितकाच. तुम्ही खोदायचा नाही. उठण्याआधी थोडं हलकं बोलून मगच निरोप घ्या आणि एक-दोन दिवसांत पुन्हा एकदा डोकावून या, मोबाईल खिशात ठेवून.

साधा मोबाईल पुरेल का? कोणत्या पद्धतीनं रेकॉर्ड करायचं?

पुरेल. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूएव्ही' मिळालं तर ते निवडा. एका तासाला, मोनोमध्ये, सुमारे ३०० एमबी जागा लागते. ते नसेल तर 'एम४ए' घ्या, ते तासाला ६० एमबीच्या आसपास बसतं आणि ऐकायला चांगलं असतं. निघण्याआधी जागा रिकामी करा, चार्जिंग पूर्ण करा, जमलं तर पॉवर बँक घ्या. मुलाखतीला बसलात की फोन फ्लाइट मोडवर टाका. मध्येच आलेला एक कॉल अख्खी फाइल तोडू शकतो.

फाइल व्हॉट्सॲपवर साध्या ऑडिओसारखी पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबलनं उतरवा. त्याच दिवशी तीन प्रती करा: एक कॉलेजच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि क्रमांक असू द्या. 'नवीन रेकॉर्डिंग १२' अशा नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणालाच ओळखू येत नाही.

आवाज नीट येत नाही, मागं फार गलका असतो.

फोन त्यांच्याजवळ, हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा, टीव्ही, कुकर बंद करता येतात, शेळ्या करता येत नाहीत, शेळ्या चालतील. पत्र्याच्या खोलीत पावसात बसू नका. आठवडा बाजार, जत्रा, लग्नाचा मांडव असलेला दिवस टाळा. पेरणी आणि सुगीत तर जाऊच नका, कारण बोलायला उसंत कुणाला असते?

तुमचं "हं, हो, बरं, बापरे" हे प्रत्येक वाक्यावर उमटतं. मान हलवा, तोंड बंद ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि तुमचं नाव आवाजात सांगा. पाऊण तास ते तास झाला की आवरतं घ्या. उरलेलं दुसऱ्या भेटीत. दुसरी भेट नेहमी चांगली होते.

व्हिडिओ केला तर?

सुरुवातीला नको. कॅमेरा दिसला की आजी लुगडं बदलायला आत जातात आणि बाहेर येतात त्या वेगळ्याच होऊन. भाकरी थापणं, खडी फोडायची बैठक अशा हातानं दाखवायच्या गोष्टींचा मात्र छोटा व्हिडिओ त्यांना विचारून घ्या.

टाइप करताना बोली तशीच ठेवायची की शुद्ध करायची?

तशीच. 'व्हतं', 'न्हाय', 'म्या', 'गेल्तो', 'कवा' असं आलं तर असंच लिहा. तुम्ही 'मी गेलो होतो' केलंत की बोलणारा माणूस पुसला जातो आणि निबंध उरतो. मेंढपाळ, वडार, कैकाडी, बंजारा कुटुंबांत गेलात तर घरची बोली वेगळी असेल. त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या, ती जाणणारा मित्र सोबत न्या आणि मराठी खाली द्या. जे कळलं नाही तिथं वेळ लिहून जागा मोकळी सोडा, अंदाजानं भरू नका. एका तासाचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास सहज लागतात, हे धरूनच वेळापत्रक करा.

मोबाईलचं बोलून टाइप करण्याचं साधन किंवा एआय वापरलं तर चालेल का?

कच्चा खर्डा म्हणून चालेल. ही साधनं प्रमाण मराठी बऱ्यापैकी ओळखतात, पण दात पडलेल्या माणदेशी आजोबांपुढं अडखळतात आणि न कळलेल्या जागी काहीतरी बरं वाटणारं घालून देतात. तेच धोक्याचं. शब्दन् शब्द आवाजाशी ताडून घ्या. खाजगी गोष्टी असलेली फाइल कोणत्याही वेबसाइटवर चढवू नका. सारांश स्वतः लिहा.

आमच्या गावची निम्मी माणसं बाहेर आहेत. त्यांचं काय?

त्यांना सोडूच नका. दुष्काळानं कोण कुठं गेलं हा याच गोष्टीचा अर्धा भाग आहे. कुणी मुंबईत माथाडी झालं, कुणी गिरणीत लागलं. विटा, खानापूर, आटपाडी, माण-खटावची गलाईतली, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यातली, माणसं केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरली आहेत. त्यांतलं कोण दुष्काळामुळं गेलं आणि कोण आधीच गेलं होतं, हे त्यांनाच विचारायला हवं. ही मंडळी गावच्या यात्रेला, म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला किंवा उन्हाळ्यात लग्नकार्याला येतात. तेव्हाच वेळ मागून ठेवा. फोनवर घेणार असाल तर पलीकडं कुणालातरी त्यांच्याजवळ दुसरा मोबाईल ठेवून रेकॉर्ड करायला सांगा. कॉलचा आवाज दबका येतो.

त्यांना पैसे द्यायचे का?

पैसे नको, रिकाम्या हातानंही नको. फळं, बिस्किटांचा पुडा, चहापत्ती, आपण कुणाकडं जाताना नेतो तेवढंच. खरी परतफेड म्हणजे रेकॉर्डिंगची प्रत. नातवाच्या मोबाईलमध्ये टाकून द्या आणि टाइप केलेलं त्यांना वाचून दाखवा. वाचताना त्या "असं न्हवं, असं" म्हणत दुरुस्त्या सांगतात, तो भागही रेकॉर्ड करा. आणि अनुदान, पेन्शन, घरकुल यांचं काम करून देऊ असं चुकूनही बोलू नका. दुष्काळाबद्दल विचारणारा माणूस सरकारी आहे असं अनेकांना वाटतं, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत ते स्पष्ट करा.

हे सगळं जपायचं कुठं?

कॉलेजच्या ग्रंथालयात, जमल्यास गावच्या सार्वजनिक वाचनालयातही. सोबत एक वही हवी: क्रमांक, नाव, गाव, तारीख, विषय, परवानगी कशाकशाची आहे. वही नसेल तर त्या नुसत्या आवाजाच्या फाइली राहतात. इंटरनेटवर टाकायचं ते फक्त तशी वेगळी परवानगी असलेलंच.

याला गुण किती?

ते तुमच्या कॉलेजला विचारा.

मुलाखत दिल्यावर कुणी "नको, पुसून टाका" म्हणालं तर?

पुसायचं. आधी फक्त तेवढा भाग काढून चालेल का, किंवा नाव न देता ठेवू का, असं एकदा विचारा. तरीही नको असेल तर तिन्ही प्रती काढा, टाइप केलेलं काढा, वहीत 'परत घेतली' एवढंच लिहा आणि तसं केल्याचं त्यांना जाऊन सांगा. कारण विचारू नका. इंटरनेटवर गेलेलं पूर्ण मागं घेता येत नाही, म्हणून मुलाखत झाल्यापासून निदान महिनाभर काहीही ऑनलाइन टाकायचं नाही. त्या महिन्यात घरच्यांनी ऐकलेलं असतं आणि कुणाची हरकत असेल तर ती तेवढ्यात कळते.